गळ्यातील झोळी आणि दुखावलेला खांदा

हात मोडला, खांदा निखळला की गळ्यात झोळी येते. ही झोळी कशी असावी, कोणती घ्यावी, किती दिवस घालावी याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही. दवाखान्यातून चिठ्ठी मिळते, चिठ्ठीवर दोन शब्द लिहिलेले असतात आणि दुकानदार जी पट्टी पुढे करील ती गळ्यात अडकवून मनुष्य घरी येतो. चार दिवसांत मानेला रग लागते, बोटे सुजतात, काखेत घामोळे येते आणि ती पट्टी खुंटीला जाते. पुढे दोन महिन्यांनी हात डोक्यापर्यंत जात नाही तेव्हा दोष हाडाला दिला जातो, डॉक्टरला दिला जातो, नाहीतर नशिबाला. पट्टीकडे कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून या लेखात आम्ही केवळ तिच्याचविषयी बोलणार आहोत.

हा विषय गांधीबागेच्या परिसरात राहणाऱ्यांनी तर समजून घ्यावाच. गांधीबाग आणि इतवारी म्हणजे नागपूरच्या ठोक कापड व्यापाराचे ठिकाण. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंनी गाद्या, मधून हातठेले, स्कूटरी आणि डोक्यावर-पाठीवर गठ्ठे घेतलेले हमाल. गोदामाच्या लाकडी जिन्यावरून गठ्ठा उतरवताना पाय घसरला की माणूस हात पुढे टाकतो आणि सगळा भार खांद्यावर येतो. ठेला ओढणाऱ्याच्या खांद्याला एकाएकी हिसका बसतो. कापड विक्रेत्यांकडील नोकर दिवसभर डोक्यावरच्या फळीवरून ताके ओढून काढतात, त्यांच्या खांद्याचे स्नायू वर्षानुवर्षे घासून निघतात. गाडीवरून पडणारे वेगळेच. घरात न्हाणीघरात घसरून पडणाऱ्या आजीबाईंची संख्याही कमी नाही. खांद्याची दुखापत ही आपल्याकडे खेळाडूंची दुखापत नव्हे, ती कमावत्या हाताची दुखापत आहे. हात बांधून ठेवावा तर मजुरी बुडते आणि न बांधावा तर हातच जातो. या पेचात सापडलेला माणूस जेव्हा आम्हाला म्हणतो, "हात बांधून बसलो तं घर कसं चालन?" तेव्हा त्याला नुसता उपदेश करून भागत नाही. निदान जितके दिवस बांधायचा तितके दिवस तो नीट, न दुखता बांधलेला असावा, एवढे तरी सांगता आले पाहिजे.

आधी खांद्याची रचना थोडक्यात पाहू. दंडाच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि खवाट्याच्या हाडाला जी खळगी असते ती फार उथळ असते. बशीच्या कडेला लिंबू टेकवून ठेवावे तसा हा प्रकार आहे. म्हणूनच हात सर्व दिशांना फिरतो, आणि म्हणूनच शरीरातील मोठ्या सांध्यांत सर्वांत जास्त वेळा निखळतो तो खांदाच, बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. हे लिंबू जागेवर धरून ठेवण्याचे काम भोवतालचे स्नायू आणि त्यांचे कंडरे करतात. त्यांपैकी चार स्नायूंची मिळून एक बाही तयार झालेली असते. वयाबरोबर व ओझ्याने ती विरत जाते आणि एखाद्या दिवशी फाटते. वर गळ्यापासून खांद्याच्या टोकापर्यंत गेलेले हासळीचे हाड हे या सगळ्या डोलाऱ्याचे आडवे वासे. पडल्यावर तेही मोडते.

आता हाताच्या वजनाचा विचार करा. एका हाताचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के असते. म्हणजे ६० किलोच्या माणसाचा एक हात साधारण ३ किलोचा. एरवी हे वजन आपल्याला जाणवत नाही, कारण स्नायू ते पेलून धरतात. तेच स्नायू दुखावले की हा तीन किलोचा भार दुखऱ्या जागेवर लोंबकळत राहतो. तो भार तिथून काढून दुसरीकडे नेणे हे झोळीचे पहिले काम. हात नकळत हलू न देणे हे दुसरे. तिसरे काम कोणी सांगत नाही, पण गांधीबागेतील गर्दीत ते फार उपयोगी आहे. गळ्यात झोळी दिसली की समोरचा माणूस धक्का न मारता बाजूने जातो.

भार दुसरीकडे नेला म्हणजे तो नाहीसा झाला असे नव्हे. तो मानेवर आला, आणि झोळी त्रास देते त्याचे मूळ इथेच आहे. तीन किलोची पिशवी बोटभर रुंदीच्या दोरीने दिवसभर गळ्यात अडकवली तर मान दुखणारच. तेव्हा झोळी निवडताना पहिला प्रश्न पिशवीचा नसून पट्ट्याचा आहे, हे लक्षात ठेवावे.

परंतु झोळीच्याही आधीची एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. खांद्याला जबर मार लागल्यावर पहिल्यांदा एक्स-रे काढावा. खांदा 'उतरला' म्हणून ओळखीच्या हाडवैद्याकडे किंवा मालिशवाल्याकडे जाऊन हात ओढून घेण्याची पद्धत अजूनही आहे. निखळलेल्या खांद्याच्या अगदी लगत हाताची मोठी रक्तवाहिनी आणि मज्जातंतूंचा जुडगा जातो. हाड मोडलेले असताना ओढाताण झाली तर ते दुखावतात आणि कायमचे अधूपण येऊ शकते. गांधीबागेपासून मेयो रुग्णालय, म्हणजे आजचे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, काही दूर नाही. तेथे किंवा मेडिकलला जावे. जाईपर्यंत हात जसा असेल तसाच, ज्या स्थितीत कमी दुखतो त्या स्थितीत, अंगाला टेकवून धरावा. झोळी बांधण्यासाठी तो जबरदस्तीने वाकवू नये. बोटांतील अंगठी आणि हातातील बांगड्या, पाटल्या, कडे लगेच काढावेत. सूज चढल्यावर ते निघत नाहीत, कापावे लागतात. बांगडी काढण्याविषयी घरातील वडील मंडळींचा आग्रह आड येतो असे आम्ही पाहिले आहे. अशा वेळी तो बाजूला ठेवावा.

आणखी एक सूचना. मार लागलेला नसताना डावा खांदा आणि दंड एकाएकी दुखू लागला, सोबत छातीत दाटले, घाम फुटला, तर ते झोळीचे दुखणे नव्हे. ते हृदयाचे असू शकते. तेव्हा पट्टी शोधत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

आता झोळीच्या प्रकारांकडे वळू. सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत स्वस्त ती त्रिकोणी कापडाची झोळी. १९ व्या शतकात जर्मन लष्करी शल्यचिकित्सक फ्रीडरिख एस्मार्क (१८२३-१९०८) यांनी हे त्रिकोणी कापड सैन्यात रुळविले. ते कसे बांधावे याची चित्रे त्यांनी त्या कापडावरच छापून घेतली, म्हणजे अडाणी शिपायालाही पाहून बांधता यावे. ही कल्पना आम्हाला फार आवडते. पुढे १८७७ साली इंग्लंडमध्ये सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली आणि प्रथमोपचाराच्या वर्गांतून ही पट्टी जगभर गेली. त्याच वर्षी १ जानेवारीला आपल्या नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण झोळीचे कापड आणि नागपूर यांचे नाते सांगताना ते आठवले.

कापडाच्या बाजारात राहणाऱ्याला ही झोळी विकत घ्यावी लागू नये. एक मीटर लांब व एक मीटर रुंद असा मांजरपाटाचा चौकोनी तुकडा घ्यावा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका कापावा. दोन झोळ्या होतात, एक अंगावर आणि एक धुण्यात. त्रिकोणाची लांब बाजू सुमारे १४० सेंटिमीटर भरते आणि ती सर्वसाधारण मोठ्या माणसाला पुरते. कोऱ्या मांजरपाटात खळ असते, ती मानेला काचते. म्हणून आधी दोन वेळा गरम पाण्यात धुऊन कापड मऊ करावे. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा त्याहूनही मऊ, मात्र तो विरलेला नसावा. नायलॉन, टेरिकॉट किंवा ओढणीचे सुळसुळीत कापड या कामाला वापरू नये. ते घसरते, ताणले जाते आणि घाम शोषीत नाही.

बांधण्याची रीत अशी. दुखरा हात कोपरात वाकवून पोटाशी आडवा घ्यावा, पंजा कोपरापेक्षा किंचित वर. दुसऱ्या हाताने तो खालून धरून ठेवावा. त्रिकोणी कापड हात आणि छाती यांच्यामध्ये सरकवावे. त्रिकोणाचे टोक दुखऱ्या बाजूच्या कोपराकडे आले पाहिजे आणि लांब बाजू अंगाच्या चांगल्या बाजूस उभी राहिली पाहिजे. वरचे टोक चांगल्या खांद्यावरून मानेमागून फिरवून दुखऱ्या बाजूला आणावे. खालचे टोक हातावरून वर घ्यावे आणि दोन्हींची गाठ हासळीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात मारावी. गाठ सपाट बसणारी हवी, डावे टोक उजव्यावर आणि मग उजवे डाव्यावर. मानेच्या मागे मणक्यावर गाठ कधीही येऊ देऊ नये. हासळीचे हाडच मोडले असेल तर गाठ दुसऱ्या बाजूला घ्यावी. गाठीखाली हातरुमालाची घडी ठेवावी. कोपराकडे उरलेले टोक पुढे दुमडून सेफ्टी पिनने अडकवावे, नाहीतर कोपर मागून निसटते. झोळीची कड करंगळीच्या मुळापर्यंत यावी. मनगट अधांतरी लोंबत राहिले तर झोळी बरोबर बांधलेली नाही असे समजावे.

ही झोळी एकट्याला बांधता येत नाही, हा तिचा मोठा दोष. घरात दुसरे माणूस नसेल, किंवा दिवसातून चार वेळा काढघाल करायची असेल, तर तयार पट्टी बरी. गांधीबागेला लागूनच गंजीपेठेत औषधांचा ठोक बाजार आहे आणि मेयो व मेडिकलच्या समोर अशा वस्तूंची चिल्लर दुकाने आहेत. तेव्हा आपल्याकडे निवडीला वाव आहे. अडचण असते ती नावांची. चिठ्ठीवर नुसते 'आर्म स्लिंग' असे लिहिलेले असते आणि त्या नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू मिळतात.

पहिली, कापडी पिशवीची झोळी, तिला दुकानात 'पाऊच' म्हणतात. कोपरापासून पंजापर्यंत हात एका पिशवीत जातो आणि पट्टा गळ्यातून जातो. दुसरी म्हणजे 'कॉलर आणि कफ', मनगटाला एक वेढा, गळ्याला एक वेढा आणि कोपर मोकळे. दिसायला ती अपुरी वाटते. पण दंडाचे हाड मोडले असताना कोपर मोकळे सोडण्यामागे हेतू असतो, हाताच्या वजनानेच मोडलेले हाड सरळ रेषेत ओढले जावे. अशा रुग्णाने आरामासाठी म्हणून परस्पर पिशवीची झोळी आणली आणि कोपर वर उचलून बांधले तर तो हेतूच नाहीसा होतो. उलट हासळीच्या टोकाचा सांधा सुटला असेल तर कोपर खालून उचललेलेच हवे, तेथे कॉलर-कफ उपयोगाची नाही. तिसरी, 'शोल्डर इम्मोबिलायझर'. हिला कमरेभोवती आणखी एक पट्टा असतो आणि हात अंगापासून बाहेर जात नाही. खांदा निखळून बसवल्यानंतर ही देतात, कारण हात बाहेर फिरला की तो पुन्हा निखळण्याची भीती असते. चौथी, उशी असलेली झोळी. कंडरा शिवण्याची शस्त्रक्रिया झाल्यावर शिवणीवर ताण येऊ नये म्हणून हात अंगापासून थोडा दूर ठेवायचा असतो, त्यासाठी काख व कमर यांच्यामध्ये ही उशी येते. ती महाग असते आणि अवघडही. तिला पर्याय म्हणून घरची उशी बांधण्याचा उद्योग करू नये.

हासळीच्या हाडासाठी पाठीवर आठाच्या आकड्यासारखा बांधायचा पट्टा पूर्वी सर्रास देत असत, अजूनही काही ठिकाणी देतात. साध्या झोळीपेक्षा त्याने हाड अधिक चांगले जुळते असे अभ्यासांत दिसले नाही, आणि काखेत तो जास्त काचतो. म्हणून डॉक्टरांनी दिला असेल तर साध्या झोळीने भागेल का, एवढे विचारण्यास हरकत नाही. विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. चिठ्ठी घेतानाच तीन प्रश्न विचारून घ्यावेत: झोळी नेमकी कोणत्या प्रकारची, रात्री झोपताना काढायची की नाही, आणि किती दिवसांनी हात हलवायला सुरुवात करायची. ओपीडीत गर्दी असते हे खरे, पण या तीन प्रश्नांना एक मिनिटही लागत नाही.

आता दुकानात जाऊ. शक्य असेल तर रुग्णाला सोबत न्यावे. ते शक्य नसेल तर घरून माप घेऊन जावे. कोपर काटकोनात वाकवून कोपराच्या मागच्या टोकापासून करंगळीच्या मुळापर्यंत टेपने मोजावे आणि ते सेंटिमीटरमध्ये चिठ्ठीच्या मागे लिहावे. चांगला हात मोजला तरी चालतो. पाकिटावर लहान, मध्यम, मोठा असे छापलेले असते, पण एका कंपनीचा मध्यम दुसरीच्या लहानाएवढा असतो. "भाऊ, फ्री साइज आहे, सगळ्यांना बसते," असे दुकानदार सांगतो. बसत नाही. पिशवी आखूड असली की तिची कड मनगटाच्या मध्यावर येते, पंजा खाली पडतो आणि दोन दिवसांत सुजतो. पिशवी जास्त लांब असली तर बोटे आतच गुदमरतात आणि कोपर पिशवीच्या कोपऱ्यात न बसता पुढे सरकत राहते. कोपर मागे पूर्ण टेकले पाहिजे. बोटे बाहेर दिसली पाहिजेत.

मग पट्टा पाहावा. तो दोन इंचांपेक्षा अरुंद नसावा आणि मानेवर येणाऱ्या भागाला जाड मऊ अस्तर असावे. हे अस्तर पट्ट्यावर पुढेमागे सरकणारे असेल तर उत्तम. पट्टा न ताणणारा हवा. लवचिक पट्टा हाताला मऊ लागतो व दुकानात फार आवडतो, पण चालताना हात वरखाली झोके खातो आणि प्रत्येक झोक्याला खांदा दुखतो. गळ्यातून जाण्याऐवजी पाठीवरून तिरका जाऊन दुसऱ्या खांद्यावर टेकणारा पट्टा मिळाला तर मानेचे दुखणे पुष्कळच कमी होते. ज्यांना आधीपासून मानेच्या मणक्यांचा त्रास आहे त्यांनी हा प्रकार मुद्दाम मागून घ्यावा. काही पिशव्यांना अंगठा अडकवायला छोटा फासा असतो. त्याने मनगट सरळ राहते, पण तो काचत असेल तर वापरलाच पाहिजे असे नाही.

पट्टी बंद कशाने होते तेही पाहावे. बहुतेक पट्ट्यांना चिकटणारी व्हेल्क्रो पट्टी असते. एका हाताने लावता-काढता यावी म्हणून ती सोयीची. मात्र कापडाच्या दुकानात, पिंजाऱ्याकडे किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्यांना आमची एक सूचना आहे. हवेतील सुताचा व कापसाचा तंतू व्हेल्क्रोच्या आकड्यांत भरतो आणि महिनाभरात ती धरेनाशी होते. जुन्या दात घासण्याच्या ब्रशने किंवा टाचणीने ते तंतू आठवड्यातून एकदा काढावेत, आणि धुताना व्हेल्क्रो बंद करून धुवावी. प्लास्टिकच्या बकलाची पट्टी मिळाली तर ही कटकट नाही, पण बकल एका हाताने उघडते की नाही हे दुकानातच करून पाहावे.

आपल्या नागपुरात कापडाचा प्रश्न सर्वांत मोठा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा आतून फोमचे अस्तर असलेली जाड निळी पिशवी म्हणजे शिक्षाच. ती थंडीच्या देशांसाठी ठीक आहे. उन्हाळ्यात जाळीदार कापडाची पिशवी घ्यावी, किंवा सरळ मांजरपाटाची झोळी. फोमचीच घ्यावी लागली तर हाताला आधी जुन्या सुती बनियनची बाही चढवावी, म्हणजे घाम तिच्यात शोषला जातो व ती रोज बदलता येते. काखेत मऊ सुती कापडाची पातळ घडी ठेवावी आणि सकाळ-संध्याकाळ बदलावी. काख धुण्यासाठी हात वर उचलायचा नसतो. कमरेतून पुढे वाकावे, हात आपोआप अंगापासून लोंबतो, तेवढ्या फटीत ओले फडके फिरवून काख पूर्ण कोरडी करावी. पावडरचा थर देऊ नये, घामाने तिचा चिखल होतो. लाली, खाज किंवा वास येऊ लागला तर ते अंगावर काढू नये. मधुमेह असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

भगिनींच्या अडचणी वेगळ्या असतात आणि त्या पुरुष डॉक्टरांना सांगण्यास संकोच वाटतो. पाठीमागे हुक असलेला ब्लाऊज या काळात उपयोगाचा नाही. पुढे बटणे असलेला सैल ब्लाऊज, गाऊन किंवा घरातील पुरुषाचा जुना शर्ट वापरावा. कपडा चढवताना दुखरा हात आधी बाहीत घालावा आणि उतरवताना तो शेवटी काढावा, हा नियम स्त्री-पुरुष सर्वांना लागू आहे. हाताला झटके बसण्यापासून त्याने सुटका होते. पट्टा छातीवरून जाताना काचत असेल तर तो तिरका न घेता गळ्यातून घेणारा प्रकार निवडावा. अंगावर दूध पिणारे मूल असेल तर पट्टी घेतानाच दुकानात सांगावे. अशा वेळी सहज सुटणारी पिशवी लागते. आणि झोळी लपविण्यासाठी पदर तिच्यावरून घट्ट खोचू नये, हवा लागत नाही.

झोळी घातल्यावर दिवसातून दोन-तीन वेळा बोटे तपासावीत. एका नखावर दाब देऊन सोडावा. पांढरे झालेले नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. बोटे थंड, निळसर किंवा फुगलेली दिसली, मुंग्या थांबेनाशा झाल्या, तर झोळी सैल करून हात उशीवर उंच ठेवावा आणि तरीही फरक पडला नाही तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. केवळ करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर पिशवीची कड कोपराच्या आतल्या बाजूला रुतते आहे का ते पाहावे. तेथून एक मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो. कोपर ठेचाळल्यावर झिणझिणी येते ती त्याचीच. खांदा निखळलेल्या माणसाला दंडाच्या वरच्या बाहेरील भागावर बधिरपणा जाणवत असेल तर तो झोळीमुळे नसतो. ते डॉक्टरांना जरूर सांगावे.

झोप हा या दुखण्यातील सर्वांत कठीण भाग. आडवे झाल्यावर खांदा मागे पडतो आणि कळ येते. पहिले काही दिवस पाठीशी दोन-तीन उशा किंवा गुंडाळलेली गादी लावून अर्धवट बसते झोपावे. कोपराखाली दुमडलेली चादर ठेवावी, इतकी की कोपर छातीच्या पातळीच्या मागे जाणार नाही. खाटेपेक्षा भिंतीला टेकून घातलेली जमिनीवरची गादी बरी पडते, पण एका हाताने जमिनीवरून उठणे म्हाताऱ्यांना जमत नाही. त्यांना खाटच द्यावी. झोळीने शरीराचा तोलही बिघडतो, पडताना सावरायला हात नसतो. म्हणून वयस्कर माणसाने न्हाणीघरात एकटे जाऊ नये. आणि झोळी घालून दुचाकी चालविण्याचा पराक्रम कोणीही करू नये. आता सेंट्रल अव्हेन्यूवरून मेट्रो जाते, अग्रसेन चौकात तिचे स्थानक आहे. मेट्रोत चढताना झोळीचा हात आतल्या बाजूला ठेवावा.

झोळी किती दिवस? येथे दोन टोके दिसतात. कमावता माणूस चार दिवसांत काढतो आणि आजीबाई तीन महिने काढत नाहीत. दोन्हीही नुकसानीचेच. निखळलेला खांदा बसवल्यानंतर साधारण एक ते तीन आठवडे, आणि वय जितके जास्त तितके कमी दिवस, कारण म्हातारपणी सांधा लवकर आखडतो. दंडाच्या वरच्या टोकाचे हाड जागा न सोडता मोडले असेल तर दोन-तीन आठवड्यांच्या आतच हलक्या हालचाली सुरू करतात. हासळीचे हाड जुळायला मोठ्या माणसाला सहा आठवडे किंवा जास्त लागतात, पण झोळी दुखणे ओसरेपर्यंतच लागते. कंडरा शिवला असेल तर चार ते सहा आठवडे, आणि तेथे स्वतःच्या मनाने एक दिवसही कमी करू नये. हे सारे ढोबळ अंदाज आहेत, तुमच्या खांद्याचा हिशेब तुमचे डॉक्टरच सांगू शकतील. साध्या मुरगळण्याला, नुसत्या ठणक्याला महिनाभर झोळी घालणे मात्र सर्वथैव चूक. विशेषतः चाळिशी ते साठीच्या वयात आणि मधुमेह असेल तर खांदा असा काही आखडतो की तो सुटायला वर्ष-दोन वर्षे लागतात.

म्हणून झोळीत असतानाही हाताचा जो भाग दुखावलेला नाही तो हलता ठेवावा. दर तासाला मूठ आवळावी-सोडावी, मनगट फिरवावे. डॉक्टरांची परवानगी असेल तर झोळीतून हात काढून कोपर सरळ करावे व वाकवावे. पुढची पायरी लंबकाची. चांगला हात टेबलावर टेकवून कमरेतून पुढे वाकायचे, दुखरा हात खाली सैल सोडायचा आणि अंगाच्या झोक्याने तो विहिरीतल्या पोहऱ्यासारखा हळूहळू फिरू द्यायचा. हात फिरवायचा नाही, फिरू द्यायचा. बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली खांद्यावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि या व्यायामाला आजही त्यांचेच नाव आहे. केव्हा सुरू करायचा हे मात्र विचारूनच.

मजुरीचा प्रश्न राहिलाच. ज्यांचे नाव कर्मचारी राज्य विमा योजनेत आहे त्यांना कामावर झालेल्या दुखापतीसाठी, तात्पुरते अपंगत्व असेपर्यंत, वेतनाच्या ९० टक्के दराने भत्ता मिळतो. त्यासाठी अपघाताची नोंद मालकाकडे लगेच व्हावी लागते. सोमवारी पेठेत या योजनेचे रुग्णालय आहे. हमालांसाठी राज्यात १९६९ चा माथाडी कायदा आहे. ज्यांची नोंदणी माथाडी मंडळात झाली आहे त्यांनी दुखापतीच्या दिवशीच मंडळाला कळवावे. पण गांधीबागेतील कितीतरी हात कोणत्याच वहीत लिहिलेले नाहीत. त्यांच्यासाठी सध्या तरी एवढेच करता येते: बारा-पंधरा दिवस एका हाताचे काम मागून घेणे. चिठ्ठ्या फाडणे, मालाची मोजदाद, गल्ल्यावर बसणे. गादीवरचे शेठ ओळखीचे असले तर नाही म्हणत नाहीत, हा आमचा अनुभव आहे. सोबत डॉक्टरांचा कागद असला तर काम अधिक सोपे होते. ओझे उचलण्याची घाई मात्र करू नये. खांदा न दुखता डोक्यावर गेला, म्हणजे तो गठ्ठा पेलू शकतो असे नव्हे. तरुणपणी एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचा संभव फार असतो.

झोळी एकदम सुटत नाही, ती हळूहळू सोडवावी. आधी घरात बसल्या जागी काढावी, मग घरात फिरताना, मग बाहेर, आणि बाजाराच्या गर्दीत जायचे असेल तर शेवटचे काही दिवस नुसती खूण म्हणून गळ्यात ठेवावी. काम संपल्यावर पिशवी कोमट पाण्यात साबण लावून धुवावी, पिळू नये, सावलीत वाळवावी. शेजारी कोणाला पुढे लागली तर द्यायला हरकत नाही, फक्त टेप काढून त्याच्या हाताचे माप आधी घ्यावे आणि पट्ट्याची शिवण ओढून पाहावी.